टायगरला वाळवंट दाखवा, अभयारण्य नको

प्रश्न : आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. मी, बायको आणि कॉलेजात जाणारा मुलगा. डिसेंबरात गाडीने जैसलमेर गाठून तिथलं डेझर्ट नॅशनल पार्क बघायचं ठरवलंय. सोबत टायगर, आमचा लॅब्राडॉर. वय सहा, वजन 31 किलो. घरी पेज आणि बांगडे खातो, रविवारी मोरजीच्या किनाऱ्यावर मोकळा पळतो, चेंडूचं वेड आहे. त्याला पार्कात नेता येईल का? नसेल तर तो गाडीत बसेल आणि आम्ही जीपने फिरून येऊ, असं चालेल का? बायको म्हणते पाय भाजतील, बूट घेऊया. शेजारी म्हणतात पंजांना खोबरेल चोळा, पुरे. नेमकं काय करावं?

उत्तर : पार्कात नाही. आधी हे मान्य केलंत तर पुढचा सगळा बेत नीट बसतो. नावात नॅशनल पार्क असलं तरी कायद्याने ते अभयारण्य आहे. जैसलमेर आणि बाडमेर या दोन जिल्ह्यांत मिळून 3162 चौरस किलोमीटर पसरलेलं. आपल्या गोव्यातल्या मोले किंवा खोतीगाव अभयारण्यात पाळीव कुत्रा घेऊन आत सोडत नाहीत, तोच नियम इथेही. पण इथे कारण जास्त टोकदार आहे. माळढोक, ज्याला तिथे गोडावण म्हणतात, तो उघड्या जमिनीवर घरट्याशिवाय अंडं घालतो, तेही बहुधा एकच. एकेकाळी सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर दिसणारा हा पक्षी आता देशभरात दीडशेच्याही आत उरलाय आणि त्यातले बहुतेक या जैसलमेरच्या पट्ट्यात आहेत. अंडी आणि पिल्लं मारणाऱ्यांत कुत्रे वरच्या नंबरावर आहेत. तुमचा टायगर अंडं खाणार नाही, कबूल. पण कुत्रा नुसता वासामागे धावला तरी मादी अंडं सोडून उठते आणि तेवढ्यात कावळ्याचं काम होतं. शिवाय कुत्र्याचा डिस्टेंपर हा विषाणूचा आजार तिथल्या कोल्ह्या-खोकडांना लागतो, हा धोका डोळ्यांना दिसत नाही.

मोरजीचं नाव आलं, राहवत नाही म्हणून एक सांगतो. तो किनारा ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांसाठी राखला जातो आणि वनखात्याची माणसं तिथे घरट्यांना कुंपण घालून राखण करतात. हिवाळ्यापासून पुढे कासवांचा मोसम असतो. त्या दिवसांत टायगरला तिथेही पट्ट्यावरच ठेवा. वाळवंटात जे शिकवणार आहात त्याची तालीमही घरच्या घरी होईल.

पार्क बघायचं तर परवाना जैसलमेर शहरात वनखात्याच्या कार्यालयातून घ्यावा लागतो. तिथेच एक गोष्ट विचारून घ्या : तुमच्या कॅम्पची जागा हद्दीच्या आत पडते की बाहेर. जैसलमेरपासून चाळीसेक किलोमीटरवर पश्चिमेला सम आणि नैऋत्येला खुरी, पर्यटक जातात ते वाळूचे डोंगर याच दोन ठिकाणी. त्यांचा काही भाग हद्दीला चिकटून आहे, काही हद्दीत येतो. कॅम्पवाला फोनवर ‘कुत्ता चलेगा’ म्हणेल. ते त्याच्या अंगणापुरतं खरं असतं, तंबूमागच्या टेकडीपुरतं नव्हे. म्हणून मुक्काम जैसलमेर शहरात करा आणि पार्कात दोन फेऱ्यांत जा. पहिल्या सकाळी दोघं आत, तिसरा टायगरजवळ. दुसऱ्या सकाळी अदलाबदल. तिघंही एकदमच गेलं पाहिजे असा हट्ट असेल तर टायगरला गोव्यातच ओळखीच्या घरी ठेवून जाणं बरं.

गाडीत ठेवून जाणं हा पर्यायच नाही. डिसेंबरात दुपारी तिथे चोवीस-पंचवीस अंश असतं, म्हणून माणूस फसतो. बाहेर 24 असताना बंद गाडीत दहा मिनिटांत 34 आणि अर्ध्या तासात 43 च्या आसपास जातं. काचा दोन बोटं खाली ठेवल्या तरी फारसा फरक पडत नाही, कारण ऊन काचेतून आत येतं आणि सीट-डॅशबोर्ड तापून तीच उष्णता आत कोंडून राहते. सफारी तीन-चार तासांची. हिशेब तुम्हीच करा.

रस्त्याबद्दल थोडक्यात. डिचोलीहून साखळी, चोर्ला घाट, बेळगाव आणि पुढे हमरस्त्याने पुणे, असा पहिला दिवस. दुसऱ्या दिवशी सुरत, तिसऱ्या दिवशी पालनपूर, चौथ्या दिवशी सांचोर-बाडमेर करत जैसलमेर. रोजचे साधारण चारशे किलोमीटर होतात, यापेक्षा जास्त ओढू नका. चोर्ल्याच्या वळणांत कुत्रा हमखास ओकतो, म्हणून पहाटे निघणार असाल तर रात्रीचं जेवण नेहमीचं द्या आणि सकाळी फक्त चार घोट पाणी. बेळगाव गेल्यावर थोडं खाऊ घाला. दर दोन-अडीच तासांनी दहा मिनिटांची थांबणूक. दार उघडायच्या आधी पट्टा हातात हवा. लांबच्या प्रवासात हरवणारे बरेच कुत्रे पेट्रोल पंपावर दार उघडताच उडी मारून पळालेले असतात. गाडीत बांधायचा पट्टा हार्नेसला, कधीही गळपट्ट्याला नको. ब्रेक लागला तर तोच गळफास होतो. पुढच्या सीटवर एअरबॅग असते, म्हणून टायगरची जागा मागेच.

आता जेवण. या पत्रातला सगळ्यांत महत्त्वाचा शब्द ‘पेज’ आहे, आणि तुम्ही तो सहज लिहून गेलात. पेज म्हणजे तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी. टायगर भांड्यातलं पाणी कमी पितो असं तुम्हाला वाटत असेल, कारण त्याचं बरंचसं पाणी जेवणातून जातं. प्रवासात बांगडे मिळणार नाहीत. गुजरातेपासून पुढे हमरस्त्यावरच्या ढाब्यांवर बहुतेक शाकाहारी जेवण मिळतं, आणि डाळ-भाजीत कांदा-लसूण असतोच, जो कुत्र्याला चालत नाही. त्यामुळे कोरडं खाद्य सोबत न्यावंच लागेल. पण कोरड्या खाद्यात पाणी जेमतेम दहा टक्के. म्हणजे नेमकं कोरड्या हवेत जाताना जेवणातून त्याच्या पोटात जाणारं पाणी तुम्ही निम्म्याहून कमी करता. पहिले दोन दिवस काही कळत नाही. तिसऱ्या दिवशी शी खडखडीत, हिरड्या चिकट, कुत्रा सुस्त. लोक म्हणतात प्रवासाचा शीण आला. शीण नसतो, पाणी कमी पडलेलं असतं.

म्हणून निघण्याआधी दहा दिवस खाद्य बदलायला सुरुवात करा. तीन दिवस पाव हिस्सा नवं, तीन दिवस अर्धं, तीन दिवस पाऊण, मग पूर्ण. एकदम बदललंत तर पुण्यालाच जुलाब लागतील. आणि खाद्य नेहमी भिजवून द्या : एक वाटी खाद्य, एक वाटी कोमट पाणी, पंधरा मिनिटं झाकून. पेजेची सवय असलेल्या कुत्र्याला ते असंच आवडतं. पिण्याच्या पाण्याचा घरचा हिशेब किलोमागे पन्नास-साठ मिलिलिटर, म्हणजे टायगरला दिवसाला साधारण 1.55 ते 1.85 लिटर. तिथे तीन लिटर धरा. जैसलमेरकडचं जमिनीतलं पाणी बऱ्याच ठिकाणी खारं असतं. माणूस तोंड वाकडं करून थांबतो, तहानलेला कुत्रा पिऊन टाकतो आणि मग त्याचं पोट बिघडतं. वीस लिटरचा कॅन गाडीत ठेवा आणि त्यातलंच पाणी द्या. तहान लागायची वाट बघू नका. गोव्यात कुत्रा धापा टाकतो तेव्हा लाळ टपकताना दिसते. तिथे ती जिभेवरच सुकते. पाणी जातंय हे दिसतच नाही. दर तासाला वाटीभर पाणी पुढे करा. ओठ वर करून हिरडीवर बोट दाबून सोडा : पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवा आणि बोट चिकटता कामा नये.

वाळूबद्दल तुम्हाला वाटतं टायगरला सवय आहे. ती सवय ओल्या वाळूची. मोरजीला लाटेच्या कडेची वाळू घट्ट असते, पाय रुतत नाही, आणि गरम झालं की समुद्र शेजारीच असतो. समच्या टेकडीवर पंजा घोट्यापर्यंत आत जातो आणि प्रत्येक उडीला तो उपसून काढावा लागतो. तेवढंच अंतर, दुप्पट कष्ट, आणि अंग बुडवायला पाणी नाही. म्हणून पंचवीस अंशांतही तगडा लॅब्राडॉर उष्माघाताने कोसळू शकतो. चेंडूवेडा असेल तर जास्तच, कारण चेंडू समोर असताना हा कुत्रा दमलो म्हणून थांबत नाही. चेंडू घरीच राहू द्या. त्याला आणखी एक कारण आहे : लाळेने ओल्या चेंडूला वाळू चिकटते, ती प्रत्येक झेलीला गिळली जाते आणि आतड्यात साचून बसते. दुसऱ्या दिवशी ओकाऱ्या, ताठ पोट, शी बंद. मग पशुवैद्याकडे एक्स-रे.

फिरण्याच्या वेळा दोनच. डिसेंबरात तिथे सूर्य आपल्यापेक्षा उशिरा, सव्वासात ते साडेसातच्या दरम्यान उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. सकाळी उजाडल्यापासून साडेनऊपर्यंत, संध्याकाळी साडेचारनंतर. प्रत्येक वेळी अर्धा तास चालणं, मग सावलीत बसणं. हाताची मागची बाजू वाळूवर सात सेकंद टेकवून बघा, चटका बसला तर फिरणं बंद. पट्टा पाच मीटरचा, हार्नेसला अडकवलेला, आणि तो सुटता कामा नये. त्या भागात चिंकारा हरणं उघड्यावर चरतात. हा कायद्याने सर्वाधिक संरक्षण असलेला प्राणी आहे आणि बिष्णोई गावांत तर लोक त्याला जिवापाड जपतात. कुत्रा चिंकाऱ्यामागे सुटला तर माफीने भागत नाही. उंटांपासूनही दहा-पंधरा पावलं लांब. भुंकणाऱ्या कुत्र्याला उंट मागच्याच नव्हे, पुढच्या पायानेही लाथ घालतो.

बूट आणि तेल. डिसेंबरात पाय भाजण्याचा धोका सकाळ-संध्याकाळ जवळजवळ नाही. खरा त्रास काट्यांचा. आपल्याकडचा सराटा, म्हणजेच गोखरू, तिथे आहेच, वर भुरट नावाच्या गवताची बोंडं आहेत, मोहरीपेक्षा थोडी मोठी, सगळ्या बाजूंनी आकड्यांची. आणि विलायती बाभळीचा काटा, जो गाडीच्या टायरमध्येही घुसतो. तेव्हा बूट घ्या, पण भाजण्यासाठी नव्हे, झुडपांच्या पट्ट्यासाठी. उघड्या वाळूवर काढून टाका, नाहीतर आत शिरलेली वाळू बोटांमधली कातडी सोलून काढते. माप घेताना टायगरला कागदावर उभं करून, दुसरा पाय उचलून, वजन पडलेल्या पंजाभोवती पेन्सिल फिरवा. पुढचे पंजे मागच्यांपेक्षा रुंद असतात, दोन मापं लागतील. व्हेल्क्रो एक बोट आत जाईल इतकाच आवळा. पहिल्या दिवशी तो सर्कशीतल्यासारखा पाय झटकेल. तीन आठवडे रोज पंधरा मिनिटं घालून फिरवलं की सवय होते. दर वीस-पंचवीस मिनिटांनी काढून बघा.

शेजाऱ्यांचं खोबरेल चालतं, पण वेळ चुकली. फिरायच्या आधी लावलंत तर वाळू चिकटून पंजा सॅंडपेपर होतो. रात्री पाय धुऊन, बोटांच्या मधला भाग कोरडा करून, मग थेंबभर. थंडीत तळव्याला पडणाऱ्या भेगांना ते चांगलं.

काटा घुसला की कुत्रा तीन पायांवर उभा राहतो किंवा बसून चाटू लागतो. चाटू देऊ नका : भुरटाचं बोंड तो दातांनी ओढतो आणि ते जिभेत किंवा हिरडीत रुततं. त्याला कुशीवर पाडा, एकाने मान धरावी, दुसऱ्याने अंगठ्याने गाद्या फाकवून उजेडात बघावं. चिमट्याने काटा ज्या दिशेने घुसलाय त्याच रेषेत सरळ बाहेर ओढा. हलवून काढलात तर टोक आत मोडतं. केसांत गुंतलेल्या बोंडाला थेंबभर तेल लावून फणीने सोडवा, नाही सुटलं तर बोथट टोकाच्या कात्रीने केस कापा. मग अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट चहाचा चमचा मीठ घालून जखम धुवा. दुसऱ्या दिवशी त्याच जागी मऊ फुगवटा आला तर टोक आत राहिलंय, ते घरी उकरायचं नाही. दर फेरीनंतर पंजे, काखा, कान, तोंड, या क्रमाने तपासा. दहा मिनिटांचं काम आहे.

सड्यावर दगडाखाली असतं ते फुरसं आठवा. वाळवंटात त्याचाच मोठा भाईबंद आहे. थंडीत साप सुस्त असतात, पण दुपारच्या उन्हात खडकाजवळ येऊन पडतात, तेव्हा दगडांच्या ढिगात नाक खुपसू देऊ नका. चावला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही नाही. कुत्र्याला चालवू नका, उचलून गाडीत घ्या आणि थेट जैसलमेरच्या सरकारी पशुवैद्यकीय रुग्णालयात न्या.

उष्माघाताची ओळख तिघांनाही हवी. जीभ टोकाला रुंद होऊन बाहेर लोंबते, लाळ दोरीसारखी चिकट, हिरड्या लालभडक, चाल लटपटती. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस. गुदद्वारात थर्मामीटर घालून 40 च्या वर आलं तर फिरणं संपलं, 41 म्हणजे जिवाशी खेळ. पोट, जांघा आणि पंजांवर साधं गार पाणी ओता आणि वारा घाला. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, तो दोन मिनिटांत गरम होतो. 39.4 ला ओतणं थांबवा, नाहीतर तापमान नको इतकं खाली घसरतं. सावरलेला दिसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, मूत्रपिंडाची हानी उशिरा कळते. क्रोसिन-ब्रुफेन देऊ नका, ती औषधं कुत्र्याला विषारी आहेत.

रात्र मात्र उलटी. कोरड्या हवेत आणि उघड्या आकाशाखाली वाळू झपाट्याने गार होते, पारा सात-आठ अंशांवर, कधी त्याहून खाली. गोव्याच्या कुत्र्याने अशी थंडी पाहिलेली नसते आणि त्याची लोकर पातळ असते. जाड कोट आणि जमिनीपासून उचललेली गादी न्या, तंबूत झोपणार असाल तर नक्कीच. नाताळ ते नवीन वर्ष समच्या कॅम्पांत रात्री डीजे आणि फटाके असतात. घाबरलेला कुत्रा अंधारात वाळूत सुटला तर सकाळशिवाय शोध नाही. तारीख तुमच्या हातात असेल तर जानेवारीचा दुसरा आठवडा धरा.

आता लसी. गावठी कुत्र्यांच्या टोळ्या कॅम्पांभोवती फिरतात, तंट्यात चावा लागतोच. आपलं राज्य 2021 मध्ये रेबीज नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं, त्यामुळे आपण जरा निर्धास्त झालोय. सीमा ओलांडली की तो निर्धास्तपणा चालत नाही. रेबीज आणि डिस्टेंपरचा बूस्टर निघण्याच्या किमान एक महिना आधी, जंताचं औषध दोन आठवडे आधी, गोचिडांची गोळी आठवडाभर आधी. परत आल्यावर पंधरा दिवसांत ताप आला, हिरड्या फिक्या दिसल्या तर गोचीडतापाची रक्ततपासणी मागून घ्या. डॉक्टरांकडून लसींची वही आणि प्रवासाला योग्य असल्याचं प्रमाणपत्र सही-शिक्क्याचं घ्या, हॉटेलवाले मागतात. त्याच भेटीत वजन करून घ्या. डॉक्टरांना जास्त वाटलं तर आत्ताच पेजेतला भात एक मूठ कमी करा, वाळूत त्याचा श्वास तेवढा हलका राहील.